बुडखा, साखळी आणि जेसीबीच्या आधीची गोष्ट

ट्रॅक्टरच्या मागं बसवलेल्या घरगुती बॅकहोचे फोटो टाकल्यापासून दोनच प्रश्न फिरून फिरून येतायत. एक, खर्च किती आला? दोन, साखळी लावून ट्रॅक्टरनं बुडखा ओढता येतो की, मग एवढा खटाटोप कशाला? पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे, ते खाली येईल. दुसऱ्याचं उत्तर मात्र दोनशे वर्षांमागं जातं. या पावसाळ्यात वाफसा नव्हता तेव्हा त्यावर बरंच वाचलं, म्हणून आज जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

आधी दुखणं कुठलं ते सांगतो. बांधावरच्या बाभळी, सुबाभूळ, निलगिरी यांचं लाकूड व्यापारी घेऊन जातो. त्याला जास्तीत जास्त लाकूड हवं असतं, म्हणून तो करवत अगदी जमिनीलगत चालवतो. आपल्याकडं राहतो तो बुडखा. पहिल्या पावसात त्याला पालवी फुटते, दोन वर्षांत मातीखाली झाकला जातो, आणि एक दिवस रोटाव्हेटरची पाती त्याच्यावर आदळतात. पाती बदलता येतात हो, पण गिअरबॉक्सला बसलेला दणका महाग पडतो.

पूर्वी हे काम कुदळ, पहार आणि कुऱ्हाडीचं होतं. भोवती चर खणायचा, एकेक मूळ उघडं करायचं, तोडायचं, मग चारपाच जणांनी पहारी लावून उलथायचं. एका मोठ्या बाभळीला दोन माणसं दोन दिवस. पद्धत संथ होती, पण तिच्यात एक शहाणपण होतं: मुळं आधी, बुडखा नंतर. यंत्रं आली तशी माणसं हे विसरत गेली. सगळ्यांना वाटलं, जोर वाढवला की झालं.

अमेरिकेत १८१७ ते १८२५ या काळात एरी कालवा खणला गेला, हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून एरी सरोवराकाठच्या बफलोपर्यंत, ३६३ मैल. वाटेत घनदाट जंगल होतं. झाडं तोडणं सोपं, बुडख्यांचं काय? तिथं त्या लोकांनी एक अवाढव्य गाडा बनवला. १६ फूट व्यासाची दोन चाकं, त्यांच्यामधे ३० फूट लांब आणि २० इंच जाड लाकडी आस, आणि आसाच्या मधोमध घट्ट बसवलेलं १४ फुटांचं तिसरं चाक. गाडा बुडख्यावर आणून बाहेरची चाकं अडवायची, बुडख्याची साखळी आसाला बांधायची. मधल्या चाकाच्या धावेवर गुंडाळलेला दोर घोड्यांनी ओढायचा. आस फिरला की साखळी गुंडाळली जाते आणि बुडखा वर येतो. विहिरीवरच्या रहाटाचंच तत्त्व. १४ फुटांच्या चाकाला २० इंचांचा आस, म्हणजे घोड्यांचा जोर साधारण आठपट व्हायचा. सात माणसं आणि घोडे मिळून दिवसाला ३० ते ४० बुडखे काढायचे असं नोंदलेलं आहे.

या गाड्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आठपट जोराची नाही. बुडखा वर ओढला की त्याचा उलटा जोर कुठं जातो ते बघा. आसावरून दोन्ही चाकांत, आणि चाकांतून सरळ खाली जमिनीत. घोड्यांवर येतो तो फक्त दोराचा ताण. म्हणजे कितीही चिवट बुडखा असला तरी फार तर दोर तुटेल, गाडा उलटणार नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं माणसं याच्यावरच मेली आहेत.

त्याच कालव्यावर दुसरी एक युक्ती होती. उभ्या झाडाला जवळपास ६० फूट उंचीवर दोर बांधायचा आणि जमिनीवर पक्क्या बसवलेल्या स्क्रूच्या यंत्रानं तो हळूहळू गुंडाळायचा. एकटा माणूस आख्खं झाड खाली आणायचा. झाड स्वतःच पहारीचं काम करायचं. आपल्या कामाचं यात हे, की बुडखा काढायचाच असेल तर व्यापाऱ्याशी आधी बोला आणि चारपाच फूट खोड ठेवायला लावा. तेवढ्या लाकडाचे पैसे कमी मिळतील, पण खोडाच्या वरच्या टोकाला लावलेला जोर मुळाशी कितीतरी जास्त लागतो. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला धरायला काहीच उरत नाही.

आता ऑस्ट्रेलिया. दक्षिण ऑस्ट्रेलियात मॅली नावाची निलगिरीची झुडपी जात आहे. जमिनीखाली तिचा भलामोठा गड्डा असतो, वरून कितीही तोडा, जाळा, पुन्हा फुटते. गहू पेरायला आलेले शेतकरी जेरीला आले. १८७८ साली तिथल्या सरकारनं बुडखे उपटायचं चांगलं यंत्र करणाऱ्याला २०० पौंडांचं बक्षीस लावलं. गंमत अशी की उत्तर त्याच्या दोन वर्षं आधीच सापडलं होतं, आणि ते उपटायचं नव्हतंच. रिचर्ड बॉयर स्मिथ नावाच्या माणसानं १८७६ साली असा नांगर केला की फाळ बुडख्याला लागला तर वर उचलला जाईल आणि पलीकडं वजनानं परत जमिनीत घुसेल. नांगरताना एक बोल्ट तुटला, फाळ बुडख्यावरून उडी मारून गेला आणि त्यावरून हे सुचलं, अशी गोष्ट सांगतात. त्याचा भाऊ क्लॅरेन्स यानं तो नांगर सुधारला आणि आर्ड्रोसन गावी कारखाना काढला. १८८२ साली सरकारनं स्मिथला ५०० पौंड दिले. आपल्या स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरचा दाता दगडाला लागून मागं जातो आणि परत येतो, त्यामागचा विचार हाच. ज्याला बुडखे काढायला पैसा नाही त्यानं निदान नांगर तरी मोडू नये. मला हा इतिहासातला फार प्रामाणिक शोध वाटतो.

सुरुंगाचं थोडक्यात उरकतो. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सरकारकडं दारूगोळा उरला होता. त्यातून पायरोटॉल नावाचं स्फोटक करून ते १९२०च्या दशकात शेतकऱ्यांना बुडखे उडवायला स्वस्तात वाटलं गेलं. बुडखे उडाले, बोटंही उडाली. आपल्याकडं असल्या गोष्टीला परवाना लागतो आणि लागावाच.

आता ट्रॅक्टर, म्हणजे मूळ प्रश्न.

हेन्री फोर्डचा फोर्डसन १९१७ साली आला. वजन जेमतेम १२०० किलो, ताकद २० हॉर्सपॉवर, आणि त्याला वेगळी चासी नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची बॉडीच एकमेकींना बोल्टनं जोडलेली. स्वस्त होता, लाखोंनी खपला. पण त्याला एक भयंकर खोड होती. मागं लावलेला नांगर बुडख्यात किंवा दगडात अडकला की मागची चाकं फिरायची थांबत. इंजिन तर फिरतंय. मग चाक फिरत नाही म्हटल्यावर ट्रॅक्टरच आसाभोवती फिरायचा. तोंड वर उचललं जायचं आणि मागं उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर. डेट्रॉईटच्या पिप नावाच्या पत्रकारानं १९२२ साली फोर्डसनखाली शंभरावर माणसं मेल्याचं छापलं. क्लच दाबायला वेळच मिळत नाही. तोंड उचललं गेल्यापासून पालथा पडेपर्यंत दीड सेकंद लागतो, आणि परत फिरायची वेळ त्याच्याही आधी निघून गेलेली असते.

हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देऊ नका. आमच्या पंचक्रोशीत काही वर्षांपूर्वी असंच झालं. लिंबाचा बुडखा, लोखंडी साखळी, आणि साखळी खालच्या हुकाला न लावता वर टॉप लिंकच्या जागी बांधलेली. पोरगा सव्वीस वर्षांचा होता. ट्रॅक्टर महिन्याभरात दुरुस्त होऊन परत रस्त्यावर आला. साखळी मागच्या आसापेक्षा वर बांधली की ओढच ट्रॅक्टरला मागं पाडायला लागते, एवढं साधं गणित आहे. आणि आडव्या ओढीत एरी कालव्याच्या गाड्यासारखा उलटा जोर जमिनीत जात नाही, तो येतो टायरच्या पकडीवर आणि ट्रॅक्टरच्या तोंडावर. म्हणून साखळीचा प्रश्न आला की मी लांबलचक उत्तर देतो.

फोर्डसनच्या या खोडीवर उतारा काढला हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसानं. पहिल्या महायुद्धात आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांवर देखरेख करायचं काम त्याच्याकडं होतं, तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागं साखळीनं फरफटत नेण्यातला धोका त्यानं जवळून पाहिला. त्याचं म्हणणं, अवजार ट्रॅक्टरचाच भाग झालं पाहिजे. त्यातून १९२६च्या सुमारास त्याचं हायड्रॉलिक नियंत्रणाचं पेटंट आणि पुढं आपण रोज वापरतो ते थ्री पॉइंट लिंकेज आलं. खाली दोन आर्म, वर एक टॉप लिंक. नांगर अडकला की टॉप लिंक पुढं दाबली जाते आणि ट्रॅक्टरचं तोंड खाली धरून ठेवते. जास्तच अडकला तर मागच्या चाकावरचं वजन सुटतं आणि चाक जागेवर गरगरतं. उलटण्यापेक्षा गरगरलेलं बरं. १९३८ साली फर्ग्युसन आणि फोर्ड यांनी कागदावर काही न लिहिता हातात हात देऊन करार केला, १९३९ साली फोर्ड ९एन ट्रॅक्टर निघाला. पुढं फोर्डच्या नातवाच्या काळात तो करार मोडला, १९४७ साली फोर्डनं आपला ८एन काढला, खटला चालला आणि १९५२ साली फोर्डला ९२ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. भावाभावांच्या बांधाच्या भांडणासारखंच, फक्त आकडा मोठा.

याच ८एनवर पहिला बॅकहो बसला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हबर्डस्टन या छोट्या गावात व्हायनो होलोपायनेन आणि रॉय हँडी या दोघांनी १९४७ साली तो बनवला. कंपनीचं नाव वेन-रॉय, दोघांच्या नावांवरून. १९४८च्या एप्रिलमधे त्यांनी पूर्ण हायड्रॉलिक बॅकहो कनेक्टिकटच्या एका वीज कंपनीला ७०५ डॉलरला विकला.

मग हा शोध १९४७ सालीच का? दाबाखालच्या पाण्यानं जोर वाढवायचं तत्त्व पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलं होतं, ब्रामानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंटही घेतलं होतं. माझ्या मते अडचण गळतीची होती. कारखान्यात एका जागी बसलेला प्रेस गळला तर चालतो, शेतात हलणारा, वळणारा, मातीत लोळणारा सिलेंडर गळून चालत नाही. साधी रबराची ओ-रिंग, जी आपण दुकानातून पुडीत बांधून आणतो, तिचं पेटंट नील्स क्रिस्टेन्सन या मूळच्या डेन्मार्कच्या माणसाला १९३९ साली अमेरिकेत मिळालं. दुसऱ्या महायुद्धात विमानांना ती लाखोंनी लागली. युद्ध संपलं तेव्हा दाब सहन करणारे सिलेंडर, रबरी पाइप आणि ते जोडता येणारी माणसं ठिकठिकाणी तयार होती.

इंग्लंडातही तेच. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यानं १९४५च्या ऑक्टोबरमधे उटॉक्सीटर गावात भाड्याच्या छोट्या गॅरेजात जुन्या वेल्डिंग मशीनवर, युद्धातल्या भंगारातून एक टिपिंग ट्रॉली बनवली. बाजारात ती ४५ पौंडांना गेली, वर शेतकऱ्याची जुनी गाडी मिळाली. ती दुरुस्त करून त्यानं तीही ४५ पौंडांना विकली. हा हिशेब वाचून मला आमच्या तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याची आठवण झाली. पुढं नॉर्वेत पाहिलेल्या खोदाई यंत्रावरून त्यानं १९५३ साली ट्रॅक्टरच्या मागं बॅकहो आणि पुढं लोडर असं एकच यंत्र केलं. त्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. आपल्याकडं १९७९ साली हरियाणात बल्लभगडला एस्कॉर्ट्सबरोबर कारखाना निघाला, आता पुण्याजवळ तळेगावलाही आहे. २०१९च्या उन्हाळ्यात ‘जेसीबी की खुदाई’ बघायला अख्खा देश मोबाइलवर बसला होता ते आठवत असेलच.

आपल्या देशाचा आणखी एक धागा सांगतो, कारण तो फार कुणाला माहीत नसतो. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती आणि मध्य भारतातली लाखो एकर काळी जमीन काँस गवतानं खाल्लेली. मुळं एवढी खोल की बैलाच्या नांगराला दाद नाही. सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली, अमेरिकन सैन्यानं मागं टाकलेले ट्रॅक्टर कामाला लावले. ट्रॅक्टर कमी पडले म्हणून १९४९च्या सप्टेंबरमधे भारतानं जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. रेल्वेच्या कर्जानंतर भारताला मिळालेलं हे बँकेचं दुसरंच कर्ज, आणि ते काढलं कशासाठी, तर मुळं उपटायला.

आता आमचं यंत्र. जेसीबी तासावर मिळतो, पण बांधावर सात बुडखे इकडं, चार तिकडं असलं की त्याची ये-जा आणि त्यानं तुडवलेलं रान हेच जास्त होतं. सोयाबीन काढून हरभरा टाकायच्या मधल्या आठ दिवसांत तो कधी रिकामा नसतो. म्हणून गावातल्या वेल्डरबरोबर बसून हे केलं. खर्च दीड लाखाच्या आत, सिलेंडर आणि व्हॉल्व जुने, पंप, पाइप आणि पिना नव्या. पिनांत काटकसर नको.

त्याचं गणित ज्यांना हवंय त्यांना देतो. सिलेंडर ८० मिलिमीटर आतल्या व्यासाचा, म्हणजे साधारण ५० चौरस सेंटिमीटर. पंपाचा दाब १५० बार. दोन्हींचा गुणाकार केला की दट्ट्यावर साडेसात टन येतात. ऐकून छाती फुगते. पण तो सिलेंडर आर्मला पिनेपासून एक फुटावर ढकलतो आणि बकेटचा दात पिनेपासून पाच फुटांवर आहे, म्हणजे दाताशी उरतो दीड टन. दीड टनानं बाभळीचा बुडखा हलतसुद्धा नाही. मनगटाएवढं एकच मूळ मात्र उचकटून तुटतं. दाताखाली एका वेळी एकच मूळ धरायचं, ते तुटलं की दुसरं. तीन-साडेतीन फुटांवरून गोल चर मारत जायचं, तिन्ही बाजूंची मुळं तोडायची, मग ठेवलेल्या खोडाला वरून ढकलायचं आणि सोटमूळ शेवटी. कुदळ-पहारवाल्या म्हाताऱ्यांची पद्धत, फक्त तेल आणि पिना लावून. मी बघितलं तर फरक एवढाच, की दोन दिवसांचं काम दीड-दोन तासांत होतं.

आणि उलटा जोर? बॅकहोला दोन पाय आहेत, तेही हायड्रॉलिक. ते जमिनीवर टेकवून मागचे टायर जरासे हलके करायचे. मूळ उचकटताना जोर त्या पायांतून खाली जातो, जसा एरी कालव्याच्या चाकांतून जायचा. पायाखाली फळ्या टाका, नाहीतर काळ्या रानात पायच खाली जातो.

बऱ्याच जणांनी विचारलंय की थेट थ्री पॉइंटला का नाही लावला. फर्ग्युसनचं लिंकेज मागं ओढल्या जाणाऱ्या अवजारासाठी आहे. बॅकहो ट्रॅक्टरकडं ओढतो आणि खाली रेटतो. खालचे आर्म वर उचलले जायला मोकळेच असतात, त्यामुळं कडक जमीन लागली की आख्खं यंत्र दुमडून सीटकडं येऊ शकतं, आणि सगळा रेटा टॉप लिंकमधून गिअरबॉक्सच्या मागच्या कास्टिंगवर. चासी नसलेल्या ट्रॅक्टरचं कास्टिंग फुटलं म्हणजे काय, हे सांगायला नको. आम्ही आसाच्या दोन्ही बाजूंना पकडून थेट पुढच्या इंजिन ब्रॅकेटपर्यंत जाणारी वेगळी सबफ्रेम केली. लोखंडाचा निम्मा खर्च तिच्यातच गेला. ज्यांना हे करायचंय त्यांनी पैसे कमी असतील तर बकेट लहान करा, सबफ्रेम गाळू नका.

दोन गोष्टी आणखी. पाइप गळतोय का ते हात फिरवून बघू नका, पुठ्ठा फिरवा. दीडशे बारचं तेल सुईएवढ्या भोकातून कातडीत घुसतं आणि वरून नुसता ठिपका दिसतो. आणि आर्म हलत असताना त्याच्या फिरण्याच्या कक्षेत कुणी उभं राहू नये, पोरंटोरं तर नाहीच.

आत्तापर्यंत अकरा बुडखे निघाले. विहिरीजवळची जुनी बाभूळ तेवढी ठेवलीय. तिचं एक मूळ विहिरीच्या दगडी बांधकामात शिरलंय, पार पाण्यापर्यंत, ते आतून दिसतं. ते उचकटलं तर बांधकाम बरोबर येईल. तिला दरवर्षी पालवी फुटेल आणि शेळ्या खातील. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याची सुबाभूळ आहे, पाऊस झाला तर मंगळवारी.